गोव्याच्या पावसात काडतुसाची टोपी किती टिकते

सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या भागांत शेतरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची दुनळी किंवा ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक बाळगणारी घरे आजही आहेत. किनाऱ्याकडच्या तालुक्यांत अशी घरे कमी, पण नेमबाजी करणारे तिथेही भेटतात. या सगळ्यांना पडणारा एक प्रश्न असा: कपाटातली काडतुसे किती वर्षे चालतील? कोणी दोन पावसाळे सांगतो, कोणी दहा वर्षे, तर कोणी "दारू कधी म्हातारी होत नाही" म्हणून मोकळा होतो. उत्तर वर्षांत द्यायचा प्रयत्न केला की ते हमखास चुकते, कारण काडतुसातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे दारू पेटवणारी टोपी, आणि टोपीचे आयुष्य कॅलेंडरपेक्षा हवेतल्या पाण्यावर जास्त अवलंबून असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या, कोरड्या जागी राहिलेल्या टोप्या आजही पेटतात. त्याच दर्जाची टोपी जांभ्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात चार पावसाळ्यांत दगा देऊ शकते. कारखाने साधारण दहा वर्षांची भाषा करतात, ती सावधपणाची आहे. नीट ठेवलेला माल त्याच्या कितीतरी पुढे जातो.

टोपीच्या आत

काडतुसाच्या पितळी बुडाच्या मध्यभागी जी गोल टिकली दिसते ती टोपी. तिचे भाग मोजके: पातळ धातूची वाटी, तिच्या तळाशी दाबून बसवलेला मिलिग्रॅममध्ये मोजावा इतका मसाला, त्यावर कागदाची चकती किंवा लाखेचा थर, आणि मसाल्यासमोर उभी असलेली धातूची छोटी ऐरण. पिन आदळली की वाटी आत दबते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडला जातो आणि त्याची ज्वाळा बारीक भोकातून दारूपर्यंत पोहोचते. ऐरण टोपीतच असेल तर ती बॉक्सर पद्धत, काडतुसाच्या बुडात कोरलेली असेल तर बर्डन पद्धत. बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत चालली बॉक्सरची टोपी आणि युरोपात रुजली बर्डनची. रायफल-पिस्तुलाच्या बॉक्सर टोप्या दोन मापांत येतात, ४.४५ आणि ५.३३ मिलिमीटर व्यासाच्या. बारा बोअरच्या काडतुसात यापेक्षा मोठी, २०९ क्रमांकाची टोपी असते. तिचा सगळा संच एका वेगळ्या कवचात बसवलेला असतो, आणि ज्वाळेच्या भोकावर बहुधा कागदाचा किंवा लाखेचा पातळ पडदा असतो. पडद्याचे काम दारूची भुकटी आत जाऊ न देणे हे आहे. तो पाण्याची वाफ फार काळ अडवत नाही.

ठासणीच्या बंदुकीची टोपी याहून साधी: तांब्याची छोटी वाटी, तळाशी मसाला, वर पातळ आवरण, आणि तोंड सताड उघडे. साठवणीच्या दृष्टीने तिच्याइतका असुरक्षित माल दुसरा नाही.

मसाल्याच्या तीन पिढ्या झाल्या. स्कॉटलंडमधले धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले, आणि पुढे शतकभर पाऱ्याचा मसाला चालला. तो उष्ण देशांत साठवणीत स्वतःहून मंद होत जायचा, शिवाय पारा पितळाला ठिसूळ करायचा. मग क्लोरेटचा मसाला आला. तो टिकायला उत्तम, पण पेटल्यावर नळीत मीठ सोडणारा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून शिशाच्या संयुगावर आधारलेला, नळी न गंजवणारा मसाला पसरला. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टोप्या याच जातीच्या. शिसे नसलेल्या टोप्याही निघाल्या आहेत, मात्र त्यांच्या टिकाऊपणाचा अनुभव अजून जुन्यांइतका लांबलचक नाही.

ओल लागली की काय होते

शिशाचा मसाला पाण्यात सहज विरघळत नाही. उलट कारखान्यात तो ओला असतानाच वाटीत भरतात, कारण ओल्या अवस्थेत तो आघाताला फारसा जुमानत नाही; वाळला की जागा होतो. साठवणीत नेमकी याच्या उलट गोष्ट हळूहळू घडते. वाफ आत शिरते, मसाला बांधून ठेवणारा डिंक फुगतो, मसाल्याची वडी भुसभुशीत होते, कधी ऐरणीपासून सुटते. त्याच ओलीने वाटीची आतली बाजूही गंजते. परिणाम एकसारखा नसतो. एकाच खोक्यातली एखादी टोपी नेहमीसारखी वाजते, एखादी क्षणभर थांबून पेटते, एखादी पेटते पण इतकी अशक्त की दारू अर्धवटच जळते, आणि एखादी गप्पच राहते. उशिरा आणि अशक्त पेटणारी टोपी न पेटणाऱ्या टोपीपेक्षा जास्त धोक्याची, याबद्दल जाणकारांत दुमत नाही.

इथून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. भिजलेली काडतुसे वाळवून पुन्हा वापरू नयेत. दहापैकी सात वाजली म्हणून उरलेली तीन कशी वागतील ते कळत नाही. आणि तेलात किंवा पाण्यात बुडवून टोपी "मारता" येते हा समज चुकीचा आहे. अशा कित्येक टोप्या वाळल्यावर खणखणीत वाजतात. भिजलेली, तेलकट, गंजलेली टोपी जिवंतच समजून हाताळायची.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे जरा जास्तच सांगितला जातो. पणजीत मे महिन्यातही दुपारचे सरासरी तापमान ३३ अंशांच्या आसपास असते. घरातल्या आतल्या खोलीत एवढ्या उष्णतेने टोपीला काही होत नाही. कौलाखालचा माळा आणि उन्हात बंद उभी केलेली गाडी या दोन जागा मात्र वेगळ्या. गाडीच्या आत पारा सहज पन्नाशी ओलांडतो, आणि त्या उष्णतेचा पहिला मार टोपीपेक्षा दारूवर बसतो: तिच्यातले स्थिर ठेवणारे द्रव्य लवकर संपते. खराब होऊ लागलेल्या धूरविरहित, म्हणजे आजच्या काडतुसांत असते त्या, दारूला आंबट, नाकाला झोंबणारा वास येतो, कधी तांबूस धूळ किंवा वाफ दिसते. असा माल घरात एक दिवसही ठेवू नये.

हवेचे उंबरठे

जुलैमध्ये गोव्यात सापेक्ष आर्द्रता दिवसच्या दिवस ८५ ते ९० टक्क्यांत असते, आणि वाळपईकडे पणजीहूनही जास्त पाऊस. हे आकडे टोपीच्या भाषेत वाचायचे असतील तर एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: प्रत्येक मिठाला हवेतले पाणी ओढून पाझरायला लागायचा एक ठराविक उंबरठा असतो. जेवणातल्या मिठाचा ७५ टक्के. क्लोरेटच्या टोपीने नळीत सोडलेल्या पोटॅशियम क्लोराइडचा सुमारे ८४. ठासणीच्या बंदुकीत भरतात त्या काळ्या दारूतल्या शुद्ध सोऱ्याचा (पोटॅशियम नायट्रेटचा) सुमारे ९२.

आता गोव्याचा पावसाळा या पट्टीवर ठेवून बघा. जुन्या क्लोरेटच्या टोप्या वापरलेली नळी जून ते सप्टेंबर सतत ओलीच राहते, वरून कितीही तेल लावा. कारण मीठ तेलात विरघळत नाही. ते आधी गरम पाण्याने धुऊन काढायचे, नळी पूर्ण कोरडी करायची आणि मगच तेल. शुद्ध सोऱ्याची काळी दारू जेमतेम काठावर तगते, पण सोऱ्यात थोडी जरी भेसळ असली की तिचा उंबरठा खाली येतो आणि डब्यात गुठळ्या होतात. समुद्राकाठच्या घरांत खारा वारा पितळावर मिठाचा अदृश्य थर चढवतो, आणि ७५ चा उंबरठा तर आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने रात्रीच्या वेळी ओलांडला जातो. म्हणून मुरगाव-बार्देशातली काडतुसे धारबांदोड्यातल्या काडतुसांपेक्षा लवकर हिरवी पडतात, पाऊस तिकडे जास्त असूनही.

साठवणीचे लक्ष्य पेटीत ४० ते ५५ टक्के आर्द्रता हे ठेवावे. याहून फार कोरडे करण्यात फायदा नाही. अति कोरड्या हवेत स्थिर वीज साठते, आणि सुट्या टोप्यांच्या आसपास ती नको.

पेटीचा हिशेब

रबरी कडेची घट्ट बसणारी पेटी आणि आत सिलिका जेल, इतके सगळेच सांगतात. तरीही दोन वर्षांनी पेटी उघडली की बुडे हिरवी. का, ते आकड्यांत पाहू.

दहा लिटरची पेटी घ्या. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तिच्यातल्या हवेत सुमारे पाव ग्रॅम पाणी असते. सिलिका जेल ५० टक्के आर्द्रतेला आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके पाणी धरते, म्हणजे ५० ग्रॅम जेल १० ग्रॅम पाणी सहज घेईल. हवेपुरते पाहिले तर जेल चाळीस पट पुरेसे.

मग पाणी येते कुठून? पुठ्ठ्यातून. काडतुसांची खोकी, आतले कागद, वर घातलेली चिंधी मिळून १०० ग्रॅम धरा. पावसाळ्यात पुठ्ठ्यात त्याच्या वजनाच्या १४-१५ टक्के पाणी असते. ५० टक्के आर्द्रतेला तो ८ टक्क्यांच्या आसपास येतो. मधले ६-७ ग्रॅम पाणी पेटीतच सुटणार, म्हणजे पेटीतल्या हवेच्या पंचवीसपट. पन्नास ग्रॅमचे जेल त्यातच दोन तृतीयांश संपते, आणि तुम्ही समजता की वर्षभर निर्धास्त. पेटीतली आर्द्रता पुठ्ठा ठरवतो, हवा नाही. हे एकदा समजले की बाकी सगळे ओघाने येते.

दुसरी वाट म्हणजे पेटीचा श्वास. दिवसा दहा अंश तापली की आतली हवा तीनेक टक्के फुगते आणि कुठून तरी निसटते. रात्री तेवढीच दमट हवा आत ओढली जाते. कडा अगदी घट्ट नसेल तर महिन्याभरात जवळजवळ पेटीभर हवा बदलते. पण झाकण एकदा पूर्ण उघडले तरी तेवढीच हवा बदलते! "जरा बघू या ठीक आहेत का" म्हणून जुलैत दर रविवारी पेटी उघडणारा माणूस ओलीचा सर्वांत मोठा पुरवठादार असतो.

तेव्हा पेटी जूनमध्ये भरू नये, जानेवारी-फेब्रुवारीत भरावी. सकाळी दव असते. दुपारी हवा सर्वांत कोरडी असते. दोन-तीन दिवस खोकी झाकण उघडी ठेवून आतल्या खोलीत, उन्हाबाहेर, अकरा ते चार वारा लागेल अशी कुलपाआड पण जाळीच्या कपाटात ठेवावीत आणि तिसऱ्या दुपारी पेटीत भरावीत. सायंकाळी भरू नयेत, पुठ्ठा पुन्हा ओल पितो. दहा लिटरला १०० ग्रॅम जेल, कापडी किंवा कागदी पुडीत, मालाला थेट चिकटणार नाही असे. सोबत छोटा डिजिटल आर्द्रतामापक.

स्वस्त आर्द्रतामापक चार-पाच टक्क्यांनी सर्रास चुकतो, म्हणून त्याची परीक्षा आधी घ्यावी. बाटलीच्या टोपणात साधे मीठ घ्यावे, ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी थेंबाथेंबाने घालावे, मापकासह घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी त्याने ७५ दाखवायला हवेत. ७१ दाखवत असेल तर कायम ४ मिळवून वाचायचे. मिठाचा वर सांगितलेला उंबरठा इथे फुकटचे प्रमाणमाप म्हणून उपयोगी पडतो. हे सगळे रिकाम्या पिशवीत, काडतुसांपासून दूर.

जेलचा रंग पाहून विश्वास ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे क्षार असतात, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तापवू नये. नारिंगी जेल बरे. त्याहून खात्रीची रीत वजनाची: कोरडी पुडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून वजन पुडीवरच लिहावे, १०० ग्रॅमची ११५ झाली की बदलावी. पातळ थरात ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की जेल पुन्हा कामाला येते. पावसाळ्यातल्या उन्हात वाळवून काही साधत नाही.

तांदळाची पुरचुंडी घालण्याची पद्धत सोडून द्यावी. तांदूळ फारसे पाणी ओढत नाही, किडे मात्र आणतो. कपाटात लटकवायचे ओल शोषणारे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते. ते पाणी भरपूर ओढते, पण त्याचा खारट रस होतो आणि डबा कलंडला की तो रस पितळाचा फडशा पाडतो. खोलीसाठी चालेल, पेटीत नको. पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून वाफ हळूहळू जातेच. अनेक वर्षांसाठी ठेवायचे तर अॅल्युमिनियमचा थर असलेली जाड पिशवी घ्यावी. आतली हवा ओढून घेऊन पिशवी आवळू नये, कारखान्याच्या तबकातल्या सुट्या टोप्यांवर उगाच दाब येतो.

आणि फ्रीज नको. वातानुकूलित खोलीसुद्धा अर्धीच चांगली. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या वर असतो. २४ अंशांच्या खोलीतली पेटी बलकांवात (घराच्या ओसरीत) आणून लगेच उघडली की प्रत्येक पितळी बुडावर दव धरणार. बंद पेटी बाहेरच्या तापमानाला यायला तीन-चार तास द्यावेत, मग झाकण काढावे.

जागा आणि शेजार

चिऱ्याची बाहेरची भिंत पावसाळाभर पाणी पिते. पेटी आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर, भिंतीपासून चार बोटे सोडून ठेवावी. स्वयंपाकघराची वाफ, न्हाणीघर आणि कौलाखालचा माळा टाळावा. वर्षभर बंद राहून चतुर्थीला उघडणाऱ्या वडिलोपार्जित घरात तर काही ठेवूच नये; परवानाधारकाच्या ताब्याबाहेर दारूगोळा राहणे हा वेगळाच गुन्हा ठरू शकतो.

शेजाराबद्दल एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती हिंदुस्थानातलीच. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली जात आणि ऋतू संपेपर्यंत त्यांना आपोआप चिरा पडत. कारण १९२१ मध्ये नीट स्पष्ट झाले: घोड्यांच्या मुताचा अमोनिया, ओल आणि पितळात घडणीच्या वेळी राहून गेलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ तडकते. आपल्याकडे घोड्यांऐवजी गोठा आहे, युरियाची गोण आहे आणि काच पुसायचा अमोनियाचा फवारा आहे. कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) खताच्या खोलीत काडतुसे ठेवणे म्हणजे तोच प्रयोग पुन्हा करणे.

कातडी पट्टाही असाच. कातडे कमावण्याची द्रव्ये आणि त्यातली ओल पितळावर हिरवा गंज चढवतात. पट्टा शेतात जाताना वापरावा; घरी आल्यावर काडतुसे काढून खोक्यात.

सुट्या टोप्या, संख्या आणि कायदा

भरलेली काडतुसे आगीत सापडली तर एकेक करून फुटतात, आणि नळीच्या बाहेर असल्यामुळे छऱ्यांना बंदुकीतला वेग मिळत नाही. सुट्या टोप्यांचे तसे नाही. त्या बरणीत एकत्र ओतल्या आणि एक पेटली तर सगळ्या एकदम पेटतात. कारखान्याच्या तबकात प्रत्येक टोपी वेगळ्या खाचेत असते ती याचसाठी. टोप्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. काचेची बरणी, जाड लोखंडी डबा, औषधाच्या गोळ्यांची डबी यांत कधीच ओतू नयेत. भरलेल्या काडतुसांना चांगली असणारी जाड लोखंडी पेटी सुट्या टोप्यांना वाईट, कारण स्फोटाला कोंडणारे कवच मिळते. मूळ वेष्टन हलक्या हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून तो डबा लाकडी कपाटात ठेवणे बरे. दारू वेगळ्या जागी.

अमेरिकेत घरी काडतुसे भरण्याचा मोठा छंद आहे. तिथल्या अग्निसुरक्षेच्या नियमात घरात जास्तीत जास्त १०,००० टोप्या आणि खासगी गाडीतून २५,००० अशी मर्यादा आहे. हे आकडे वाचून कोणी इथे हिशेब मांडू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही दारूगोळ्यातच येतात; ते बाळगायला परवाना लागतो आणि दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील आणि वर्षाला किती घेता येतील ते तुमच्या परवान्यावर लिहिलेले असते. तोच आकडा. पुढच्या दहा वर्षांचा साठा करावा असे कितीही वाटले तरी मर्यादेत राहूनच, आणि म्हणून नवे घेताना जुने आधी वापरायचा क्रम पाळावा. खोक्यावर खरेदीचा महिना-वर्ष पेन्सिलीने लिहावे, कारखान्याचा गट क्रमांक फाडू नये. एखाद्या गटातल्या टोप्या दगा देऊ लागल्या तर तो क्रमांक हाच एक पुरावा असतो. खडकीच्या कारखान्यातली, १८६९ पासूनची परंपरा असलेली, बारा बोअरची काडतुसे असोत की आयात केलेली, दोन वेगवेगळ्या वर्षांचा माल एका खोक्यात मिसळू नये.

शेतरक्षणाचा परवाना शिकारीची मुभा देत नाही, हे एका वाक्यात नोंदवून पुढे जाऊ.

खराब टोपी ओळखणे

वर्षातून एकदा, शक्यतो फेब्रुवारीत, पेटी रिकामी करून प्रत्येक काडतूस कोरड्या कापडाने पुसावे. बुडावरचा हलका काळपटपणा काही बिघडवत नाही. टोपीच्या कडेने हिरवे कडे दिसले तर ओल तिथूनच आत गेली असे समजून ते काडतूस वेगळे काढावे. सैनिकी काडतुसांत त्या कडेला लाखेचे सील असते, छऱ्यांच्या काडतुसांत बहुधा नसते. कागदी नळीची जुनी काडतुसे पावसाळ्यात फुगतात आणि बंदुकीच्या नळीत बसत नाहीत. ती ठोकून बसवू नयेत. पुसताना तेल लावू नये. नंतर हात साबणाने धुवावेत. मसाल्यात शिसे असते.

टोपी वाजली नाही की दोष टोपीवर जातो, पण तो पुष्कळदा बंदुकीचा असतो. न वाजलेल्या टोपीवरचा खळगा पाहावा. खोल आणि मध्यभागी असेल तर टोपी वाईट. उथळ किंवा एका बाजूला असेल तर थकलेली स्प्रिंग, झिजलेली पिन किंवा वर्षानुवर्षे साचून चिकट झालेले तेल. दुनळीत एकाच नळीतली काडतुसे दगा देत असतील तर टोप्यांना मुळीच बोल लावू नये.

ठासणीच्या बंदुकीत तर दहांतल्या बऱ्याच तक्रारी निपलमधल्या (जिच्यावर टोपी बसते त्या पोकळ खुंटीतल्या) तेलाच्या असतात. पावसाळाभर तेल लावून ठेवलेली बंदूक काढली की निपलची वाट तारेने मोकळी करावी, आणि सुरक्षित जागी, नळी रिकामी असल्याची खात्री करून, एक-दोन टोप्या नुसत्याच वाजवाव्यात. उरलेले तेल जळून जाते. नळीच्या तोंडापाशी ठेवलेले वाळके पान हलले तर वाट मोकळी. टोप्यांची डबी खिशात बाळगू नये. घामाने ओली होते, आणि किल्ल्यांसोबत टोप्या ठेवणे हा शुद्ध वेडेपणा. रात्रभर राखणीला बसताना निपलवर टोपी चढवून ठेवणे दोन्ही अंगांनी वाईट: धोक्याचे तर आहेच, शिवाय पहाटेच्या दवाने ती टोपी निकामी होते.

घोडा पडला आणि आवाज झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद तसेच थांबावे. ठासणीची असेल तर किमान दोन मिनिटे. लगेच उघडू नये, पुन्हा घोडा चढवू नये. मग बुडाच्या थेट मागे न राहता काडतूस काढावे. आवाज नेहमीपेक्षा अशक्त, फुसका आला तर दुसरे काडतूस घालण्याआधी नळी उघडून आरपार पाहिलीच पाहिजे. आत बुच (दारू आणि छरे यांच्यामधला गुडदा) अडकलेले असेल आणि वर दुसरा बार काढला तर नळी फुटते, आणि डावा हात तिथेच असतो.

न वाजलेले काडतूस घरी उकलू नये, विहिरीत, मांडवीत किंवा कचऱ्यात टाकू नये, पाचोळ्याच्या आगीत तर नाहीच. वेगळ्या पिशवीत चिठ्ठी लावून परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करावे आणि लेखी पोच घ्यावी, म्हणजे परवान्यावरची संख्या जुळते.

निवडणुकीच्या वेळी शस्त्रे जमा करण्याचा आदेश निघतो तेव्हा काडतुसेही द्यायची का, ते आदेश वाचून ठरवावे. विधानसभा फेब्रुवारीत आली तर ओलीचा प्रश्न नसतो, पण पंचायत निवडणूक भर पावसातही येते. २०२२ ची १० ऑगस्टला होती. काडतुसे द्यावी लागली तर हवाबंद डब्यात, ताज्या जेलच्या पुडीसह, संख्या आणि गट क्रमांक पोचपावतीवर लिहून घेऊन द्यावीत. परत मिळाल्यावर ती आपल्या पेटीत तशीच टाकू नयेत. आधी सांगितल्याप्रमाणे तपासून, वेगळ्या खोक्यात, पुढच्या कोरड्या महिन्यात पहिल्यांदा वापरायची म्हणून खूण करून ठेवावीत.